ताई खाली हाय

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतं ते एका मेलेल्या माणसाचं डाव्या हाताचं बोट.

टोरोंटो परिसरात मी बरीच वर्षं पोलीस डिटेक्टिव्ह होतो. आता निवृत्त आहे. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव लिहिणार नाही. माझ्याबद्दल एवढंच सांगतो की आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई-वडील नाशिककडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीच्या टोळीबरोबर कामाला जायचे. मी बी.ए. झालो, इकडे आलो, सिक्युरिटी गार्डची नोकरी करता करता परीक्षा दिल्या आणि पोलिसात भरती झालो. हे मी अभिमानाने सांगतो, आणि प्रकरणाशी त्याचा संबंध आहे म्हणूनही सांगतो.

हिवाळ्याचे दिवस होते. एटोबिकोतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारात संध्याकाळी कुणीतरी एका बेशुद्ध माणसाला व्हीलचेअरमध्ये बसवून निघून गेलं. पहाटे तो वारला. वय तिशीच्या आसपास, दिसायला आपल्याकडचा. खिशात पाकीट नाही, फोन नाही, पायात मोज्यांवर रबरी चप्पल. कॅमेऱ्यात टोपी ओढलेला एक माणूस आणि एक मोठी गाडी दिसत होती, पण नंबर प्लेट रस्त्यावरच्या मिठाने आणि चिखलाने लिंपलेली. आमच्याकडे हिवाळ्यात अर्ध्या गाड्या अशाच असतात.

डॉक्टरांनी सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. माझा जोडीदार न्यूफाउंडलंडचा, ड्रग स्क्वॉडमध्ये वर्षानुवर्षं काढलेला गडी. तो सगळ्यांनाच 'बाय' म्हणायचा; त्यांच्या बेटावर 'अरे बाबा'ला तसं म्हणतात. मराठीत बाय म्हणजे काय, हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याने त्या मृताच्या बोटांचा वास घेतला आणि म्हणाला, "गांजा, बाय. हा ओढणारा नाही, कापणारा आहे. चीक बघ."

उजव्या हाताच्या बोटांवर काळपट चिकट थर होता. बंद तळघरात दिव्यांखाली गांजाची झाडं लावतात, आणि ती जोमाने वाढावीत म्हणून काही लोक तिथे गॅसचा बर्नर जाळतात. बर्नर नीट जळला नाही की खोलीत विष भरतं. त्याला वास नसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं.

मी मात्र डावा हात बघत होतो. पहिल्या बोटाच्या नखाखाली आणि कडेला निळा रंग बसला होता. जोडीदाराला वाटलं, पेंट असेल. मी तो रंग लहानपणापासून ओळखत होतो. द्राक्षाची छाटणी झाली की कापलेल्या जागी मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावतात, बुरशी शिरू नये म्हणून. उजव्या हातात कात्री, म्हणून पेस्ट डाव्या बोटाने. माझ्या आईचं बोट छाटणीच्या दिवसांत असंच असायचं. ती त्याच बोटाने मला दटावायची.

"हा माणूस माझ्या भागातला आहे," मी म्हटलं.

"नखावरून?"

"नखावरून."

त्याला शेवटचं बोलताना ऐकलं होतं ते एका नर्सने. ती पंजाबी होती, ड्यूटी संपूनही आमच्यासाठी थांबली होती. ती हिंदीत म्हणाली, "सर, मधेच शुद्धीवर आला होता. एकच गोष्ट सारखी बोलत होता. ताई खाली, ताई खाली. मला वाटलं, याच्या ताईचं घर खाली आहे, कुणी नाही तिथे. मग फोन तरी कुणाला करणार? आम्ही तसंच लिहिलं, नातेवाईक उपलब्ध नाहीत."

तिची चूक नव्हती. पंजाबीत ताई म्हणजे मोठी काकू, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मी विचारलं, "खाली है म्हणाला, की खाली हाय?"

तिने डोळे मिटून आठवलं. "हाय. हो, हाय असंच. ताई खाली हाय."

मी जोडीदाराकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं, "त्याची मोठी बहीण तळघरात आहे. जिथे याला विष चढलं, तिथेच."

त्यानंतर त्याने मला दोन तास तरी बाय म्हटलं नाही.

आता प्रश्न मेलेल्याचा उरला नव्हता. कुठल्या तरी घराखाली एक बाई होती आणि तिच्याजवळ तोच बर्नर होता. या परिसरात बेसमेंट असलेली घरं म्हणजे जवळजवळ सगळीच. विजेच्या वापरावरून घर शोधायचं तर वीज कंपनीकडून माहिती काढायला वेळ जातो. मी फोन घेऊन बसलो. ग्रोसरीवाले, देवळातले, मराठी मंडळातले, आमच्या जयंती साजरी करणाऱ्या संघटनेतले, जो आठवला त्याला फोन. एकच प्रश्न: नाशिककडून नवीन आलेले बहीण-भाऊ कुणी पाहिलेत का? सगळे म्हणाले, "नाही हो. बघतो, विचारतो." आपली माणसं पोलिसांशी बोलताना फार गोड बोलतात आणि फोन लवकर ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्कहॅमहून फोन आला. आमच्या संघटनेतल्याच एक बाई, मूळच्या नागपूरच्या, घरून डबे देतात.

"जय भीम, दादा. माणसं नाही पाहिली मी. पण भाकरी पाहिल्या."

"म्हणजे?"

"माझं एक गिऱ्हाईक आहे, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तो माझ्याकडून पनीर आणि सॅलड नेते. कार्ब्स नाही पाहिजे म्हणते. अन् उन्हाळ्यापासून एकदम बाजरीच्या भाकरी सुरू. रोज. वर ठेचा. मी म्हटलं, काय भाऊ, डाएट सुटलं वाटते! तर नुसता हसला. पार्टनर आलेत म्हणे इंडियातून."

"बरं, मग?"

"कालपासून म्हणते, निम्म्याच द्या."

मग त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "दादा, निम्म्या म्हणजे एक जण आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. त्या दिवसातली तेवढी एकच चांगली बातमी होती.

तो पुण्याचा माणूस बोलावल्यावर आपणहून आला. चाळिशीचा, नीटनेटका, महागाचं जाकीट. ठाण्यावर रेकॉर्डिंग सुरू केलं, त्याचे हक्क वाचून दाखवले, त्याला वकिलाशी फोनवर बोलता यावं म्हणून खोलीबाहेर गेलो. वकिलाने गप्प बसायला सांगितलं असणारच, सगळेच सांगतात. पण माझा अनुभव असा की अडाणी माणूस गप्प बसू शकतो. शिकलेल्याला ते जमत नाही. समोरच्याने आपल्याला मूर्ख समजू नये याची त्याला फार काळजी.

"मराठी बोलता? ओह नाइस," तो म्हणाला. "कुठले सर तुम्ही?"

"नाशिककडचा."

"आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी शाळेत असल्यापासून बघत आलोय. वाईट काही बोलला नाही. उलट खुर्चीत सैल बसला, आवाज मऊ केला आणि मला समजेल अशा संथ मराठीत बोलायला लागला. मी त्याला तसं बोलू दिलं. चौकशीत समोरच्याने आपल्याला कमी लेखलं तर राग धरायचा नसतो. तो फायदा असतो.

घर बघायला त्याने लगेच परवानगी दिली. "प्लीज, चेक करा. बेसमेंटमध्ये माझी चार झाडं आहेत. फोर पर हाउसहोल्ड, लीगल आहे." जोडीदार गेला. तिथून त्याने कळवलं: खरंच चारच झाडं, काळ्या तंबूत, घर स्वच्छ, माणूस कुणी नाही. सोबत फोटो. एका झाडाच्या कापलेल्या फांदीच्या टोकावर निळा ठिपका होता. खाली त्याने लिहिलं होतं, इतक्या वर्षांत गांजाला असं काही लावलेलं मी पाहिलेलं नाही, बाय.

मी फोन उलटा ठेवला आणि विचारलं, "झाडांची निगा कोण राखतं?"

"मीच. वर्क फ्रॉम होम आहे ना. सगळं व्हिडिओ बघून शिकलो."

"तयार झालं हे कसं कळतं? आमच्याकडे द्राक्ष चाखून बघतात."

तो हसला. "चाखून! नाही सर, हे सायन्स आहे. लोक काय करतात, फुलांचे केस तपकिरी झाले की कापतात. राँग. भिंग लावून बघायचं. फुलावर दवासारखे बारीक थेंब असतात. काचेसारखे दिसले तर कच्चं. दुधासारखे झाले की आलं. त्यातले थोडे मधासारखे पिवळे झाले की मग एक दिवस थांबायचं नाही. पेशन्स लागतो. घाई केली की क्वालिटी गेली."

"आणि त्याआधी? छाटणी?"

"ती तर मोस्ट इम्पॉर्टंट. शेंडा खुडायचा, म्हणजे आडवं पसरतं. खालची पानं काढायची, हवा खेळली पाहिजे. आणि बगलफूट वेळच्या वेळी काढायची, नाहीतर झाडाची सगळी ताकद तिकडे..."

"काय काढायची?"

"बगलफूट."

"हा शब्द कुठल्या व्हिडिओत आहे?"

तो थांबला. "मराठी आहे ना, सर."

"मराठीच आहे. पण कोथरूडची नाही. पानाच्या बगलेतून फूट येते, तिला द्राक्षबागेत काम करणारा माणूस बगलफूट म्हणतो. हा शब्द माझ्या आईच्या तोंडचा आहे. तुम्हाला कुणी शिकवला?"

त्याची पंचाईत अशी झाली होती, की ज्यांना आपण राबवतो त्यांची भाषाही आपल्या तोंडात बसते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी टेबलावर दोन फोटो ठेवले. एकात त्याच्या झाडावरचा निळा ठिपका, दुसऱ्यात ते बोट.

"हा माणूस काल पहाटे वारला," मी सांगितलं.

"नाही." तो खरोखर दचकला. "कसं शक्य आहे? डॉक्टर होते तिथे. मी वेळेत सोडलं होतं त्याला. ही वॉज ब्रीदिंग."

मी त्याला पुन्हा आठवण करून दिली की तो बोलायला बांधील नाही. नियम पाळायचे असतात, आणि नंतर कोर्टात त्याचा उपयोगही झाला. मग विचारलं, "त्याची बहीण कुठे आहे?"

त्याने दोन्ही फोटो उलटे करून ठेवले.

"बर्नर बंद आहे का?"

"काल बंद ठेवला होता." तो म्हणाला. "आज परत लावलाय. रिपेअर करून."

"कुणी केला रिपेअर?"

"मीच."

"केव्हा सुरू होतो?"

"टायमरवर आहे. लाइट्सबरोबर. संध्याकाळी सहाला."

आम्ही दोघांनी एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजायला आले होते. त्याने दुसऱ्या घराचा पत्ता सांगितला.

जिवाला धोका असेल तर आमच्याकडे वॉरंटसाठी थांबावं लागत नाही. मार्कहॅमच्या उत्तरेला, वस्ती संपता संपता, एक बैठं घर होतं. खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक. फायर ब्रिगेडने पोहोचताक्षणी बाहेरून गॅस तोडला. तळघराचं दार बाजूला होतं. जोडीदाराने ते फोडायला लोखंडी ओंडका उचलला आणि तसाच थांबला. त्याने दाराची मूठ फिरवली. दार उघडलं. कुलूप नव्हतंच. बाहेरून नाही, आतून नाही.

खाली उतरलो तेव्हा दिवे लागलेले होते, डोळे दिपतील असे. हवेतलं विष मोजायचं, छातीवर लावलेलं यंत्र ओरडत होतं. दोन खोल्या होत्या. पहिलीत कमरेएवढी हिरवी झाडं, दुसरीत फुलांनी वाकलेली. दुसऱ्या खोलीत एक बाई उलट्या बादलीवर उभी राहून पिवळी पानं खुडत होती. चाळिशीची असेल. तोंडाला ओढणी, अंगावर स्वेटरवर स्वेटर. ती आम्हाला बघून घाबरली नाही. माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघायला लागली, मागून अजून कुणी उतरतंय का ते.

"ताई, मी पोलीस आहे. वर चला. आधी वर चला."

"हात चिकट हायेत," ती म्हणाली. "धुते."

बोलताना ती झोकांड्या देत होती. जोडीदाराने तिला सरळ उचलून वर नेलं. बर्फात उभ्या असलेल्या अँब्युलन्समध्ये तिला ऑक्सिजन लावला. तिने दोनदा मास्क बाजूला करून विचारलं, "माझा भाऊ आलाय ना तुमच्यासंगं? दवाखान्यात नेलंय म्हणले मालक." गाडीतल्या पॅरामेडिकने 'आता सांगा' अशी मान हलवेपर्यंत मी काही सांगितलं नाही. मग सांगितलं. अशा बातम्या मी नोकरीत पुष्कळ दिल्या, इंग्रजीत दिल्या. मराठीत ती पहिलीच. इंग्रजीत एक ठरलेलं वाक्य असतं, ते म्हणून टाकता येतं. मराठीत मला तसं वाक्य सापडेना. "ताई, तो गेला," एवढंच म्हणालो. तिने मास्क स्वतःच्या हाताने परत नाकावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

जबाब पुढे बरेच दिवस चालला. दोघं छाटणीच्या टोळीत काम करणारे. आई-बाप नाहीत, तिनेच भावाला वाढवलेलं. कॅनडात काचेच्या घरात भाजीचं काम आहे असं सांगून आणलेले. इथे गांजा लावायला परवानगी आहे असं मालकाने सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. पासपोर्ट त्याच्याकडे. तो म्हणाला होता, काढणी झाली की देतो, मग घरी जा.

त्यांना ते रास्त वाटलं. द्राक्षाला हंगाम असतो. छाटणी होते, माल भरतो, काढणी होते, टोळी सामान बांधून घरी जाते. पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिलेलं. पण दिव्यांखाली हंगाम नसतो. पहिल्या खोलीत काढणी आली की दुसरीत छाटणी निघालेली असायची. दर वेळी तो भिंग घेऊन उतरायचा, फुलं निरखायचा आणि म्हणायचा, अजून दुधाळ आहे, थोडं थांबा. ते भिंग त्याने त्यांच्या हातात कधी दिलं नाही. भावाने एकदा विचारलं होतं, "मालक, ही काढणी सरतीय कवा?" मालक म्हणाला, "झाडांना विचार."

अंत्यविधीला आमच्या संघटनेतली चौघं आणि डबेवाल्या बाई होत्या. माझा जोडीदारही आला, टाय लावून, आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलाकडे एकच चांगला मुद्दा होता, आणि त्याने तो नीट वापरला. ताई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती, शेजारी दुभाषा. वकील म्हणाला, "तळघराच्या दाराला कुलूप नव्हतं, बरोबर?"

"बरोबर."

"तुमचा भाऊ गेल्यावर दोन दिवस तुम्ही तिथे एकट्या होतात. माझा अशील बहुतेक वेळ घरात नसायचा. शेजारी घरं होती. तुम्हाला कुणी बांधलं नव्हतं. मग तुम्ही चालत बाहेर का गेला नाहीत?"

खरं सांगतो, हा प्रश्न माझ्याही मनात होता. जोडीदाराने तो मला त्याच दिवशी विचारला होता. मी पुस्तकातलं उत्तर धरून बसलो होतो: भीती, परका देश, भाषा नाही.

ताईने दुभाष्याचं पूर्ण ऐकून घेतलं. वकिलाकडे बघून म्हणाली, "गेले असते ना. पण भावानं परत यायचं कुठं? त्याला तेवढं एकच घर ठाव होतं. तो बरा होऊन आला असता, अन् मी नसते, तर त्यानं मला या एवढ्या मुलखात कुठं हुडकायचं?"

दुभाषा, एक वयस्कर गृहस्थ, ते इंग्रजीत सांगताना मध्येच थांबले आणि पाणी मागितलं. वकील खाली बसला. शिक्षा झाली. किती, हे लिहीत नाही, कारण ताईनेही ते विचारलं नव्हतं. ती भावाच्या अस्थी घेऊन गावी गेली.

त्यानंतरच्या नोकरीत मी कुलुपं बघणं सोडलं नाही, ते आमचं कामच आहे. पण असं कुणी सापडलं की उघड्या दारातून तू गेली का नाहीस, गेला का नाहीस, हे मी पुन्हा कुणाला विचारलं नाही. नव्याने भरती झालेल्या पोरांनाही हेच सांगत आलो, की तो प्रश्न आपल्या सोयीचा असतो. त्याच्याऐवजी खाली बसा, त्यांच्याच भाषेत बोला, आणि विचारा, कुणाची वाट बघताय. बहुतेक वेळा उत्तर येतं. ते ऐकायची तयारी मात्र ठेवा.